सांगली ते म्हार्दोळ, व्हाया हायपो

दिवस पहिला, शुक्रवार

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, साडेसहाला निघालो. उशीर बाबांच्या भिंगामुळे झाला. रिटचिंगचं, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलनं डागडुजी करतानाचं जुनं भिंग, पितळी कडीचं. ते सापडेपर्यंत बाबा गाडीत बसायला तयार नाहीत. "गोव्यात काय करायचंय भिंग?" म्हटलं, तर म्हणाले, "तू कॅमेरा घेतलायस ना? मग."

बाबांचा सांगलीतला स्टुडिओ १९७१ ते २००९ असा अडतीस वर्षं चालला. लग्नसराईत फील्ड कॅमेऱ्याची पेटी आणि सागवानी तिकाटणं उजव्या खांद्यावर टाकून ते एसटीनं तासगाव, जत, कुठं कुठं जायचे. त्याची खूण राहिली आहे: उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं उतरलाय. शर्ट कितीही नीट शिवून आणा, एका बाजूला लोंबतोच. शिंप्यानं नाद सोडला, आम्हीही सोडला.

जायला कारणं दोन. म्हार्दोळची आत्या वर्षभर बोलावत होती, आणि पणजीत सायनोटाइपची, म्हणजे उन्हात निळे फोटो छापायच्या जुन्या पद्धतीची, एक दिवसाची कार्यशाळा होती, तिला मी दोघांची नावं दिली होती. बाबांना सांगितलं नव्हतं. फी किती ते तर अजूनही सांगितलेलं नाही.

संकेश्वर, आजरा, आंबोली. घाटात चहा, कांदाभजी, धुकं. बांदा ओलांडून पत्रादेवीला गोवा लागला आणि मी गाडी सरळ म्हापशाकडे न नेता समुद्राच्या अंगाला वळवली. मांद्रे बघायचं होतं.

मांद्रे म्हटलं की आता लोकांना शॅक आणि योगा आठवतो. मला आठवतात ते लाड बंधू. मुंबईतल्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला ज्यांचं नाव आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड या पेडणे महालातले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे भारतातल्या अगदी पहिल्या फोटोग्राफरांपैकी एक. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, देशातली पहिली. लंडनची सोसायटी आदल्याच वर्षीची. नारायण दाजी या मुंबईच्या सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि त्या वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे धंदेवाईक फोटोग्राफर बाहेर पडले. म्हणजे पॅरिसात १८३९ साली दागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाल्यावर सोळा वर्षांत मुंबईची पोरं फोटोग्राफी शिकत होती. आपल्याकडे सगळं उशिरा येतं हे आपण इतकं म्हणतो, की जे वेळेवर आलं त्याची आठवणच राहत नाही.

लाडांचं घर शोधायला आम्ही गेलो नव्हतो, गाव बघायला गेलो होतो. माडांमधून जाणारी अरुंद वाट, चिऱ्याचे गडगे, आणि पुढं एकदम समुद्र. बाबा एका होडीच्या सावलीत बसले.

"डॉक्टर माणूस फोटोच्या नादाला कसा लागला?" त्यांनी विचारलं.

मी याचा विचार केला होता. त्या काळची पद्धत ओल्या कलोडियनची, १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं काढलेली. कलोडियन म्हणजे इथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेला गनकॉटन. काचेवर ओतायचं, सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचं आणि ओलं आहे तोवर फोटो काढून धुवायचं. वाळलं की काच फुकट. आणि हेच कलोडियन त्या वेळी डॉक्टर लोक जखमेवर लावायचे. वाळलं की कातडीसारखा पापुद्रा धरतं. ग्रँट मेडिकलमधून शिकून निघालेल्या माणसाच्या कपाटात निम्मा स्टुडिओ आधीच होता.

बाबांनी वाळूत बोटानं काहीतरी हिशेब केला. "थंड हवेत दहा मिनिटं धर. मे महिन्यात मुंबईत पाच. पाच मिनिटांत समोरच्या माणसाला हलू नको सांगायचं, फोटो घ्यायचा, तंबूत पळायचं, धुवायचं." मग समुद्राकडे बघत म्हणाले, "चांगलाच हात असणार त्याचा."

बाबा कुणाची इतकी स्तुती सहसा करत नाहीत.

संध्याकाळी पणजी. फोंताइनासमध्ये पिवळ्या भिंतीपुढं एक प्री-वेडिंग चाललेलं, पलीकडे लाल भिंतीपुढं दुसरं, आणि मधल्या घराच्या दारावर पाटी: फोटो काढू नयेत. त्या पाटीचाही एक पोरगा फोटो काढत होता. पर्रा गावच्या पंचायतीनं माडांच्या त्या प्रसिद्ध रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना मध्यंतरी पैसे आकारायला सुरुवात केली होती, तेव्हा मला हसू आलं होतं. आज त्या पाटीमागं, खिडकीच्या आड एक आजी पडदा ओढून बसलेली दिसली आणि हसू आलं नाही. मी कॅमेरा पिशवीत टाकला. जेवायला सुरमई, सोलकढी. झोप.

दिवस दुसरा, शनिवार

जुनं गोवं. बॉम जिझसचं बॅसिलिका बघताना सगळे जे म्हणतात तेच बाबा म्हणाले: काय सुंदर लाल दगड आहे! चिरा उघडा, उन्हात तापलेला. कॅलेंडरवर, टपाल तिकिटावर, फ्रिजला चिकटवायच्या मॅग्नेटवर हेच रूप.

मी मोबाईलमध्ये जुने फोटो साठवून नेले होते. त्यातल्या इमारतीला गिलावा आहे, भिंती फिकट, गुळगुळीत. बाबांनी खिशातून भिंग काढून मोबाईलच्या काचेवर धरलं (त्याचा उपयोग होत नाही, नुसते ठिपके दिसतात, पण सवय). "हे दुसरं कुठलं चर्च."

हेच ते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला साडेतीनशे वर्षांच्या आसपास चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज अमलातच तो काढून टाकला, इमारत आणखी जुनी, आणखी भारदस्त दिसावी म्हणून. गोव्याच्या पावसात उघडा चिरा झिजतो, म्हणून गिलावा परत करा अशी मागणी अलीकडे खुद्द चर्चकडूनच झाली. त्याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं एकच: लाल रूपच खरं. ते खरं नाही हे कशावरून कळतं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीच्या सौझा अँड पॉलसारख्या स्टुडिओंनी जुन्या गोव्याच्या इमारतींचे फोटो काढून ठेवले म्हणून. त्या लोकांना कुणी कलावंत म्हणत नव्हतं. गिऱ्हाईक होतं, आल्बम विकले जायचे, काम केलं.

तिथून चढ चढून सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांकडे. एकच अर्धा मनोरा उभा आहे, सुमारे ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये धर्मसंघांना बाहेर काढल्यावर इमारत ओस पडली, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. म्हणजे फोटोग्राफी इथं पोचली तेव्हा हे चर्च पडायला लागलेलं होतं, आणि पडत असताना त्याचे फोटो निघत राहिले. दोन मनोऱ्यांच्या मधली ती भिंत आता फक्त कागदावर आहे. बाबा त्या मोकळ्या जागेत बराच वेळ उभे राहिले. ऊन फार होतं, मी सावलीत पळाले.

दुपारी झोप काढून आल्तिनोवर एका जुन्या बंगल्यात भरलेलं फोटोंचं प्रदर्शन बघितलं. गोव्यातल्या रिकाम्या खोल्या: कोपऱ्यातली खुर्ची, मच्छरदाणी, भिंतीवर काढून घेतलेल्या तसबिरीचा फिकट चौकोन. मला त्यातले चार फोटो फार आवडले, बाकीचे त्या चारांचीच पुनरावृत्ती वाटले. या प्रकारच्या फोटोंना इथं परंपरा आहे. प्रबुद्ध दासगुप्तांनी गोव्याच्या कॅथलिक घरांमधले कृष्णधवल फोटो काढले, त्यांची सावली नव्या मुलांवर दिसतेच.

बाबांचं लक्ष मात्र भिंतीवरच्या चिठ्ठीत. आवृत्ती: ५ पैकी २.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे या फोटोच्या पाचच प्रती काढणार. ही दुसरी."

"का? निगेटिव्ह खराब झाली?"

"नाही बाबा. मुद्दाम. पाचच असल्या की किंमत राहते."

किमतीचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. "मी पासपोर्टच्या आठ कॉप्या द्यायचो, एक फुकट वर," म्हणाले, आणि पुढच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं परत येऊन हळूच: "पण प्रिंट चांगली आहे. काळ्यात तपशील आहेत. करणाऱ्याला येतंय."

बाहेर पायरीवर बसून मी त्यांना १८५९ ची गोष्ट सांगितली. त्या साली पॅरिसच्या चित्रांच्या मोठ्या प्रदर्शनासोबत, त्याच इमारतीत, पहिल्यांदा फोटो मांडायला परवानगी मिळाली. पण फोटोंचं दार वेगळं ठेवलं. चित्रांच्या दारातून आत जाऊन फोटो बघता येत नव्हते. आणि एवढंही बोदलेअर या कवीला सोसलं नाही. त्यानं लिहिलं की फोटोग्राफी हा फसलेल्या चित्रकारांचा आसरा आहे, तिनं विज्ञानाची आणि कलांची मोलकरीण होऊन राहावं.

"पण या बोदलेअरनं स्वतःचा फोटो काढून घेतला असेल की."

"घेतला. नादार नावाच्या फोटोग्राफरकडून. चांगले आलेत."

बाबा इतके मोठ्यानं हसले की वॉचमन उठून उभा राहिला.

दिवस तिसरा, रविवार

कार्यशाळा. पणजीतलंच एक घर, मागं अंगण, आंब्याचं झाड. आम्ही नऊ जण, त्यात सत्तरीपलीकडचे एकटे बाबा. आयोजकांनी सकाळी नऊची वेळ दिली होती, साडेदहापर्यंत कागद आले नव्हते, आणि कागद आले तेव्हा ढग आले. नोव्हेंबरात! फीचा आकडा मनात धरून मी आकाशाकडे बघत बसले.

मग उघडलं. सांगते कसं करतात, कारण यात गंमत आहे. दोन रसायनं: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. नावात सायनाइड आहे म्हणून एक बाई दोन पावलं मागं सरकल्या. घाबरण्यासारखं काही नसतं. दोन्ही पाण्यात विरघळवून, एकत्र करून, मंद उजेडात ब्रशनं कागदावर फासायचं. कागद पिवळट हिरवा होतो, कैरीच्या सालीसारखा. अंधारात वाळवायचा. त्यावर पान, फूल, काय हवं ते ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात. दहा-बारा मिनिटांत कागद मळकट राखाडी होतो, वाटतं बिघडलं सगळं. आता पाण्यात टाका. पिवळा रंग वाहून जातो, आणि खालून निळा वर येतो. पान होतं तिथं पांढरं.

बाबांनी फणसाचं पान घेतलं नाही, मी घेतलं होतं तसं. त्यांनी कुंपणावरचं नेचं घेतलं, त्याची मागची बाजू भिंगातून बघितली, दोन पात्या नखानं खुडल्या. "दाटी होते." काच ठेवताना पानाचं टोक जरा उचललेलं ठेवलं. माझं पान कापून चिकटवल्यासारखं आलं. त्यांच्या नेच्याचं टोक धुक्यात गेल्यासारखं विरघळलेलं. शिकवणाऱ्या मुलीनं ते दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवलं: "अंकल, आधी केलंयत का हे?"

"हे नाही," बाबा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत ट्रेमध्ये होते आणि ते ट्रेचा एक कोपरा उचलून खाली ठेवत होते, एका लयीत. चौदा वर्षांची असताना डार्करूमच्या दाराबाहेर मी हाच आवाज ऐकत अभ्यास करायची. पाणी एका काठाला, मग दुसऱ्या.

ही पद्धत जॉन हर्शेलची, १८४२ ची. नकाशांची ब्ल्यू प्रिंट म्हणतो ती यातूनच निघाली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सनं समुद्रातल्या शेवाळाचे असे निळे ठसे काढून पुस्तक बांधायला घेतलं. फोटोंनी सजलेलं ते पहिलं पुस्तक. तिला शेवाळाची नोंद करायची होती, आज ती पानं कलासंग्रहालयांत आहेत. हर्शेल मूळचा खगोलशास्त्राचा माणूस. निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्द त्यानंच या धंद्यात रूढ केले. आणि हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, चांदीचे क्षार विरघळवतो हे त्यानं १८१९ मध्येच, म्हणजे फोटो जन्मायच्या आधीच, शोधून ठेवलं होतं.

"हायपो त्याचा?" बाबांनी हात पाण्यातून काढून बघितले. अडतीस वर्षं त्या हातांना हायपोचा वास होता. आई म्हणायची, तुमच्या हातचा घास नको.

संध्याकाळी मांडवीच्या काठी बाकावर चहा. बोलणं तिथंच अडकलं: हात. मी सांगितलं की फोटोला कला म्हणवून घ्यायचं म्हणून पहिल्या लोकांनी चित्रासारखं दिसण्याचा आटापिटा केला. ऑस्कर रेयलँडरनं १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक प्रचंड देखावा उभा केला, प्रत्येक माणूस वेगळा काढलेला, कागदावर एकत्र आणलेला. त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीनं विकत घेतली. पुढचे पिक्टोरियलिस्ट प्रिंटवर ब्रश चालवायचे, मुद्दाम धूसर ठेवायचे. अमेरिकेत स्टीगलिट्झनं १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' नावाचं देखणं नियतकालिक चालवलं, सुरुवातीला याच लोकांना घेऊन. १९१७ मध्ये ते बंद पडेपर्यंत वारं फिरलं होतं: शेवटच्या अंकांत पॉल स्ट्रँडचे थेट, कडक फोटो. आणि १९३२ मध्ये ॲन्सेल ॲडम्स, वेस्टन वगैरेंनी गटच काढला, एफ ६४ नावाचा. फोटो कसा, तर कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ, रंगरंगोटी बंद.

"एफ चौसष्ट म्हणजे सुईएवढं भोक," बाबा म्हणाले. "माझ्या लेन्सला होतं. ग्रुप फोटोला लावायचो." मग चहाचा घोट घेऊन: "म्हणजे आधी हात लावला तरच कला. आणि नंतर हात लावला की पाप."

"तसंच जवळजवळ."

"आणि आम्ही सगळा वेळ हातच लावत होतो."

मी म्हटलं, आपल्याकडचे रंगवलेले फोटो, राजेरजवाड्यांचे, सराफांचे, आता दिल्लीत अल्काझी संग्रहात जपून ठेवलेत, त्यांची प्रदर्शनं होतात. ते हो म्हणाले, पण ऐकत नव्हते. थोड्या वेळानं विचारलं, "त्या रेयलँडरचे सांधे दिसतात का गं?"

"बारकाईनं बघितलं तर दिसतात म्हणे."

"हं," म्हणाले. समाधानानं.

दिवस चौथा, सोमवार

म्हार्दोळ. महालसेच्या देवळात आधी दर्शन, तो एकवीस थरांचा पितळी दीपस्तंभ, दारात अबोलीच्या वळेसऱ्या. तिथून आत्याचं घर चालत.

"आयलो मरे शेवटी!" आत्या सांगली विसरून पूर्ण इथली झाली आहे, फक्त बाबांशी भांडताना कृष्णाकाठचं मराठी परत येतं. सोमवार म्हणून मासे नाहीत. खतखतें, त्यात तिरफळ, आणि उकड्या तांदळाचा भात. जेवून बाबा ओसरीवर झोपतील असं वाटलं होतं. ते दिवाणखान्यात जाऊन भिंतीसमोर उभे राहिले.

आत्याच्या सासऱ्यांची तसबीर. लहानपणापासून मी ती बघत आलेय: टोपी, काळा बंद गळ्याचा कोट, नजर थेट. आत्याच्या लग्नानंतर दोन वर्षांत ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. होता तो भजनी मंडळाचा ग्रुप, त्यात तिसऱ्या ओळीत सासरे, पुढच्या माणसाच्या फेट्याआड हनुवटीपर्यंत झाकलेले. आत्यानं तो सांगलीला पाठवला आणि १९७७ मध्ये बाबांनी त्यातून ही तसबीर करून दिली. एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे मीही कधी विचारलं नव्हतं.

बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि तसबिरीच्या गळ्यापाशी नेलं. मग मला दिलं.

आधी काहीच दिसलं नाही. कागदाचं तलम खरबरीतपण, काळ्यात जरा तांबूस छटा. मग हनुवटीच्या खाली, दाढीची सावली आणि कॉलर मिळतात तिथं, बारीक बारीक रेघा. केसापेक्षा बारीक, स्वल्पविरामासारख्या वळलेल्या, हजारो असतील. सँडपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर आधी मिडियम चोळायचं, नाहीतर पेन्सिल घसरते. मग खिडकीशी रिटचिंगचं डेस्क, खालून आरशानं उजेड, आणि श्वास रोखून एकेक रेघ. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल लागेल तिथं प्रिंटवर उजळ येतं, म्हणजे सगळं उलट्या डोक्यानं करायचं. डोकं एका फोटोतलं, धड दुसऱ्या, आणि मधला दोन बोटांचा गळा नुसत्या पेन्सिलचा.

"किती दिवस लागले?"

"अकरा रात्री. दिवसा गिऱ्हाईक असायचं."

"धड कुणाचं?"

बाबा काही बोलले नाहीत. मी भिंग खाली घेतलं, दोन पावलं मागं झाले आणि तसबीर पहिल्यांदा बघावी तशी बघितली. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, म्हणजे माणसाच्या उजवीकडे, कोटाचा खांदा खाली उतरला होता. चांगला दोन बोटं.

"बाबा."

"आजोबांचा कोट घातला. पोऱ्याला शटरचा रबरी बल्ब दाबायला लावला," ते म्हणाले. "दुसरा कोण बसणार होता फुकट?"

आत्या मागं येऊन उभी राहिली होती. देवळातून आणलेली वळेसर तसबिरीला घालायला तिनं स्टूल ओढलं होतं, हात वर गेला होता, तो तसाच राहिला. तिनं तसबिरीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, परत तसबिरीकडे.

"म्हणजे रे दादा, इतकी वर्षं मी निम्मा हार तुला घालतेय?"

"निम्मा कुठला," बाबा म्हणाले. "गळ्याच्या खाली सगळा."